घंटा, डोंगर आणि जिवंत खेचर

वाचनालयात 'प्रतीक' हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये. हे मला वेळीच कुणी सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी एक पुस्तक परत करायला गेलो होतो. ग्रंथपालबाईंनी सवयीनं विचारलं, "कसं वाटलं?" या प्रश्नाला "बरं होतं" एवढंच उत्तर द्यायचं असतं, हे मला कळतं. पण त्या दिवशी ऑफिसात एकाही माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो, त्यामुळे असा दिवस किती दुर्मीळ असतो ते लक्षात यावं. मी जरा हवेत होतो. म्हणालो, "छत्रीचं प्रतीक लेखकाला शेवटपर्यंत पेललं नाही."

बाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चुकून फाटकं पुस्तक दिलं की काय, असं मला वाटलं.

"पाणीसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं कुठं होता?"

मी इतकी वर्षं दर बुधवारी त्यांच्याच समोर उभा होतो. पण ते सांगायला सवड मिळाली नाही. वाचक मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचे वक्ते घसा बसल्यामुळे येणार नव्हते, आणि ती जागा मला मिळालेली होती. मिळाली म्हणजे बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहूनच टाकलं.

"वीस मिनिटं बोलायचं. घंटेच्या पुस्तकावर. त्यातली प्रतीकं, अर्थाचे पदर, वगैरे. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

मग आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वाचनालयाच्या वरच्या खोलीवर टेबल टेनिसवाल्यांचा डोळा होता. गेल्या कार्यक्रमाला श्रोते म्हणून स्वतः बाई, त्यांची बहीण आणि पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस एवढेच होते, आणि पंखा सुरू झाल्यावर तोही गेला. या वेळी खोली निम्मी तरी भरली नाही, तर कार्यकारिणी खोलीची किल्ली टेबल टेनिसच्या कप्तानाला देणार होती.

"म्हणजे सगळं तुमच्यावर आहे," बाई म्हणाल्या आणि माझ्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. तो शिक्का मला माझ्या कपाळावर बसल्यासारखा वाटला.

घंटेचं पुस्तक म्हणजे एक जुनी, गाजलेली, जेमतेम ऐंशी पानांची कादंबरिका. तिचं खरं नाव लांबलचक आहे, म्हणून आमच्याकडे सगळे तिला घंटेचं पुस्तकच म्हणतात. डोंगरावरच्या एका गावातला म्हातारा खालच्या शहरातून एक भलीमोठी घंटा आणायला निघतो. सोबत एक म्हातारं खेचर. वाटेत पूल वाहून गेलेला असतो, बर्फ पडतं, भेटेल तो माणूस त्याला 'सोडून दे' म्हणतो. तो सोडत नाही. चिकाटीची कथा म्हणून हे पुस्तक शाळा-कॉलेजात नेमलेलं असतं आणि नेमलेलं असल्यामुळे ते कुणी नीट वाचलेलं नसतं. पण मत मात्र प्रत्येकाला असतं, हे मला लवकरच कळायचं होतं.

मी ठरवलं, साधंसं बोलायचं. विषय लिहिला : 'एका पुस्तकाविषयी थोडेसे.' आणि इथंच चूक केली. तो कागद हातात घेऊन मी जिना चढत होतो आणि वरून व्याकरणकाका उतरत होते.

व्याकरणकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत भाषा शिकवली. निवृत्तीनंतर मुलं मिळेनाशी झाल्यामुळे ते आता शेजाऱ्यांना शिकवतात. लिफ्टमधल्या सूचनेतली अनुस्वाराची चूक त्यांनी स्वतः खडूनं सुधारली आहे, आणि ती पुसणाऱ्याशी ते अजून बोलत नाहीत.

"'थोडेसे'?" काका म्हणाले. "थोडे म्हणायचं, नाहीतर जरासे म्हणायचं. थोडेसे म्हणजे घाबरलेल्या माणसाची भाषा. आणि मुळात खेचर म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलंत का?"

"घोड्यासारखं असतं आणि गाढवा..."

"तो प्राणी झाला हो! मी शब्दाबद्दल बोलतोय. 'ख' म्हणजे आकाश. 'खे' म्हणजे आकाशात. 'चर' म्हणजे फिरणारा. खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा! म्हणजे आत्मा! म्हाताऱ्याचा देह जमिनीवर चालतोय आणि शेजारी त्याचा आत्मा चालतोय. काय सुंदर योजना आहे बघा लेखकाची!"

मूळ पुस्तक भलत्याच भाषेतलं होतं आणि त्या लेखकाला 'ख' म्हणजे आकाश हे माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण काका दोन पायऱ्या वर उभे होते, आणि वर उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालताना मान दुखते. मी "वा" म्हणालो. माझ्या भाषणाला पहिला स्तर मिळाला.

दुसरा स्तर रविवारी जेवायला आला. म्हणजे आमचे मेहुणे आले. बायकोचा हा थोरला भाऊ विक्रेत्यांना यशस्वी व्हायला शिकवतो. तो घरीही उभ्यानं बोलतो आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत एक अदृश्य खोकं धरतो.

"भावोजी, डोंगर म्हणजे टार्गेट!" तो म्हणाला. "घंटा म्हणजे ऑर्डर. आणि बर्फ म्हणजे गिऱ्हाइकाचा नकार. लिहून घ्या, फुकट सांगतोय."

"आणि खेचर?"

"खेचर म्हणजे ज्युनियर स्टाफ."

तिसरा स्तर माझा स्वतःचा होता. घंटा म्हणजे मौनाच्या पोटातला आवाज. त्याचा अर्थ काय ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं, पण ऐकायला फार भारदस्त वाटायचं. दाढी करताना आरशासमोर तो म्हणून बघितला, तेव्हा अंगावर काटा आला. चौथा स्तर असा नव्हता, पण तीन हा आकडा जरा भिकार दिसतो, म्हणून चौथा मी 'इतर' या नावाखाली राखून ठेवला. आमच्या ऑफिसात तक्रारींचे प्रकारही असेच पाडलेले आहेत.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिला चारही स्तर वाचून दाखवले. तिनं वह्या तपासता तपासता ऐकलं आणि विचारलं, "अहो, पण गोष्ट कधी सांगणार?"

"गोष्ट सगळ्यांना माहीत असते गं."

"बरं," ती म्हणाली. गणिताच्या बाईंच्या 'बरं'मध्ये उत्तर चुकल्याची खूण असते. पण मला तेव्हा वेळ नव्हता, कारण आता विषयाचं नाव झालं होतं 'खेचर आणि घंटा : अर्थाचे चार स्तर', आणि ते घेऊन मला नगरपालिकेत जायचं होतं. वाचनालयाची इमारत नगरपालिकेची. वरच्या खोलीत चार माणसं एकत्र बसवायची तर परवानगी लागते.

मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरच्या बाजूनं खिडकी किती उंच असते याची मला कल्पना नव्हती. आत एक शांत, गोरेगोमटे कारकून बसले होते. त्यांची पेन्सिल इतकी टोकदार होती की मी जरा मागेच उभा राहिलो.

"विषय?"

मी सांगितला.

"स्तर चार?" त्यांनी पेन्सिल थांबवली. "म्हणजे चार मजली काही उभारणार आहात का? वरच्या खोलीची जमीन लाकडी आहे. भार पेलेल असा अभियंत्याचा दाखला लागेल."

"नाही, नाही. अर्थाचे स्तर. डोक्यात असतात ते."

"मग तसं स्पष्ट लिहा." त्यांनी बाजूला लिहिलं : 'स्तर डोक्यात आहेत.' "खेचर जिन्यानं नेणार की क्रेननं?"

"खेचर नाहीये हो! ते प्रतीक आहे."

"कोण प्रतीक?"

"खेचर."

"खेचराचं नाव प्रतीक." त्यांनी लिहून घेतलं. "मालक कोण?"

"तसं म्हटलं तर... लेखक."

"त्यांची सही आणा."

"ते वारले. फार वर्षं झाली."

कारकुनांनी सहानुभूतीनं मान हलवली. "मग इतकी वर्षं प्रतीकला सांभाळतंय कोण?"

मागे रांग लागली होती. एक बाई म्हणाल्या, "सांगून टाका ना हो एकदाचं, आम्हालाही घरं आहेत." मी तक्रारीच्या खिडकीवर लोकांना रोज जे सांगतो, ते आठवलं : शांतपणे, सुरुवातीपासून सांगा. मी शांतपणे, सुरुवातीपासून सांगितलं. म्हातारा, डोंगर, बर्फ, सगळं. कारकुनांनीही शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे घंटाही आहे. आवाजाची मर्यादा पाळण्याची हमी द्या. आणि प्राण्यासाठी पशुवैद्यांचं ना-हरकत पत्र. ते आणलंत की परवानगी लगेच. आपलं काम कधी अडून राहत नाही."

खिडकीच्या आतून मी स्वतः हे शेवटचं वाक्य दिवसातून कितीदा म्हणतो! बाहेरून ते इतकं वाईट ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

पशुवैद्यांच्या दवाखान्यात दोन कुत्री, टोपलीतलं एक मांजर आणि एक पोपट होता. प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी होतं. माझ्या मांडीवर फाइल होती. पोपटवाल्या आजोबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं काय?"

"खेचर," मी म्हणालो.

त्यांनी माझी मांडी बघितली. खुर्चीखाली वाकून बघितलं. मग पोपटाचा पिंजरा हळूच दुसऱ्या बाजूला ठेवला.

पशुवैद्य बाई तरुण आणि कामात चोख होत्या. "तपासल्याशिवाय मी सही करत नाही. घेऊन या."

"डॉक्टर, ते नाहीचे."

"अरेरे. कधी गेलं?"

"गेलं नाही. ते कधी नव्हतंच. पुस्तकातलं आहे."

बाईंनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितला, बहुधा सवयीनं. मी पुन्हा शांतपणे, सुरुवातीपासून सांगितलं. त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या की बाहेर कुत्री भुंकायला लागली. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : 'सदर प्राणी अस्तित्वात नसल्यामुळे त्यास कोणताही रोग नाही. कार्यक्रमात त्याच्या सहभागास हरकत नाही.' खाली सही, शिक्का. कारकुनांनी ते पत्र दोनदा वाचलं, समाधानानं टाचणी लावली आणि परवानगी दिली. जग सुरळीत चालतं ते अशा माणसांमुळेच, यात मला शंका नाही.

आता फक्त बोलायचं राहिलं, असं मी समजत होतो. पण आमच्या मेहुण्यानं 'तुमच्या प्रॉडक्टला जाहिरात नाही' असं म्हणून पोस्टरचं काम अंगावर घेतलं होतं. त्यानं छापखान्याला फोनवरून मजकूर सांगितला : "घंटा! डोंगर! जिवंत खेचर-प्रतीक!" त्याच्या मते 'जिवंत प्रतीक' या शब्दांत दम होता. छापखानेवाल्यानं त्यातला प्रतीक हा गिऱ्हाइकाचं नाव समजून अलगद उचलला आणि तळाशी नेऊन ठेवला. पोस्टर आलं ते असं :

घंटा! डोंगर! जिवंत खेचर!
शनिवारी सायंकाळी, वाचनालयात. सहकुटुंब यावे.
आपला नम्र, प्रतीक.

मला ते कळलं तेव्हा पोस्टर औषधाच्या दुकानात, केशकर्तनालयात, बसथांब्यावर आणि दोन शाळांच्या फाटकांवर लागलेलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या बाबतीत ही फारच मानहानीची गोष्ट आहे. मी 'प्रतीकात्मक' अशा चिठ्ठ्या हातानं लिहिल्या आणि डिंकाची बाटली घेऊन गावभर फिरलो. 'जिवंत' या शब्दावर चिठ्ठी चिकटवली की ती अर्ध्या तासात गळून पडायची. केशकर्तनालयाच्या मालकानं माझी चिठ्ठी निरखून वाचली आणि विचारलं, "ही खेचरातली जात आहे का? उंच असते?"

त्यातून आणखी एक अडचण. टेबल टेनिसची पोरं 'घंटा' हा शब्द वाचून एकमेकांना टाळ्या देत हसत होती. का, ते मेहुण्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. तेव्हापासून माझ्या भाषणातला तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायला लागली. आणि भाषणात तो दर तिसऱ्या वाक्याला होता.

शनिवारी धीर धरवेना म्हणून मी हात हलवत लवकरच निघालो. बायको शाळेतून घरी जाऊन मग येणार होती. "तुमचं सामान मी घरून घेऊन येते," असं ती फोनवर म्हणाली. मी "बरं" म्हणालो. माझ्या 'बरं'मध्ये कसलीच खूण नव्हती.

वाचनालयाच्या रस्त्याला वळलो तर जत्रा. आई-बाप, आजी-आजोबा, कडेवरची पोरं. अर्ध्याअधिक पोरांच्या हातांत गाजरं. जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरची खोली भरून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढले होते. ग्रंथपालबाई एकदा आनंदानं हसत होत्या आणि एकदा घामानं डबडबत होत्या. पहिल्या रांगेत कारकून फाइल घेऊन बसले होते, आवाजाची मर्यादा तपासायला. त्यांच्याशेजारी व्याकरणकाका. भिंतीला टेकून टेबल टेनिसचा कप्तान उभा होता. दारभर रुंद माणूस, अर्धी चड्डी, काखेत बॅट. तो कार्यकारिणीतर्फे डोकी मोजायला आला होता. मोजायचं त्यानं केव्हाच सोडून दिलेलं दिसत होतं.

मी व्यासपीठावर उभा राहिलो. माझे कागद बायकोकडे होते आणि बायको गर्दीत कुठं दिसत नव्हती. मी आठवेल तसं सुरू केलं. "मित्रहो, खेचर या शब्दातला 'ख' म्हणजे आकाश..."

"खेचर कधी आणणार?" मागून आवाज आला.

"त्याचाच पहिला स्तर सांगतोय."

"सांगू नका, आणा!"

मी खरं काय ते सांगून टाकलं. जिवंत खेचर नाही. छापखान्याची चूक. खोलीत जो आवाज उठला तो कारकुनांच्या मर्यादेत नक्कीच बसत नव्हता. एक गृहस्थ पोस्टर फडकवत ओरडले, "हे काय मग? कोण हा प्रतीक? बोलवा त्याला!" आणि बघता बघता सगळी खोली एका सुरात ओरडायला लागली, "प्र-ती-क! प्र-ती-क!" कुणाच्याही वाट्याला आली नसेल अशी साहित्यचर्चा माझ्या वाट्याला आली होती. मेहुण्यानं हवेत खोकं धरून लोकांना शांत करायचा प्रयत्न केला. कुणीतरी त्या खोक्यात गाजर फेकलं.

तेवढ्यात ग्रंथपालबाई स्टुलावर चढल्या आणि तारखेचा शिक्का टेबलावर दाणदाण आपटला. "पाणीसाहेब," त्या गरजल्या, "ते स्तर राहू द्या. गोष्ट सांगा!"

दुसरं काही सुचतही नव्हतं. मी गोष्ट सांगायला लागलो.

ते गाव ढगांच्याही वर. तिथं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. एका हिवाळ्यात दोन माणसं धुक्यात वाट चुकली आणि घरांपासून हाकेच्या अंतरावर थिजून गेली. गावानं हळहळ केली आणि दारं लावून घेतली. एकट्या म्हाताऱ्याला वाटलं, इथं मोठी घंटा असती तर ती माणसं आवाजाच्या रोखानं घरी आली असती. म्हणून तो निघाला. मी पूल वाहून गेल्याचं सांगितलं. कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारा आणि खेचर एकमेकांना टेकून कसे पार झाले ते सांगितलं. शेवटच्या चढणीवर खेचर बसलं. म्हाताऱ्यानं काठी उगारली नाही. तोही बर्फात त्याच्याशेजारी बसला आणि आपल्या लहानपणीच्या गोष्टी त्याला सांगत राहिला. मग कधीतरी ते आपण होऊन उठलं.

खोलीत आता नुसती गाजरं खाल्ल्याचा आवाज होता. हळूहळू तोही थांबला.

"ते गावाच्या वेशीशी पोचले तेव्हा दाट धुकं होतं," मी म्हणालो. "हाक मारायला म्हाताऱ्याच्या घशात आवाज उरला नव्हता. त्यानं चाचपडत एक दगड उचलला आणि खेचराच्या पाठीवरच्या घंटेवर मारला. एकदा. पुन्हा एकदा. खेचराचे कान मागे गेले, पण ते हललं नाही. मग एक दार उघडलं. मग दुसरं. लोक कंदील घेऊन आवाजाच्या रोखानं आले. त्यांनी म्हाताऱ्याला उचललं, घरात नेलं, शेकोटीपाशी निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा चौकात टांगली. संपलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतले कारकून पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते. एका आजीबाईंनी नाक ओढलं.

तेव्हा भिंतीपाशी कप्तानानं बॅट वर केली, शाळेत हात करतात तशी.

"सर, खेचराला आत घेतलं का?"

"काय?"

"म्हाताऱ्याला घरात नेलं. बरोबर आहे. पण घंटा खेचराच्या पाठीवर होती ना? आणि टांगली सकाळी. मग रात्रभर घंटा कुठं होती?"

मी ग्रंथपालबाईंकडून पुस्तक मागून घेतलं. शेवटची पानं उलटली, परत उलटली. कान मागे गेल्यानंतर खेचराबद्दल एक अक्षर नव्हतं. इतके अभ्यासक होऊन गेले, इतकी मुलं या पुस्तकावर परीक्षा देऊन पास झाली, आणि हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. निदान मला तरी पडला नव्हता, आणि माझ्याकडे चार स्तर होते.

"लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

मग जे झालं त्याला दंगल म्हणता येईल, पण ती फार गोड दंगल होती. "रात्रभर बर्फात?" "पाठीवर एवढं वजन घेऊन?" "असं कुठं असतं का हो?" व्याकरणकाका उठून म्हणाले, "'टांगली' हे क्रियापद कर्ता मागतं! कुणी टांगली? आधी उतरवली कुणी?" कारकून म्हणाले की आत घ्यायची परवानगी बहुधा सकाळीच मिळाली असेल, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन गप्प बसले. पशुवैद्य बाई खिडकीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, थकलेलं जनावर तसंच उभं ठेवणाऱ्या त्या गावाला आपण घंटाच काय, थर्मामीटरसुद्धा देणार नाही. मेहुणा "यातून आपण काय शिकतो..." एवढं म्हणाला आणि दोन अनोळखी माणसांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"वाईट नव्हते हो ते लोक," दारातून एक आवाज आला. "त्यांना दिसलं नाही, एवढंच. जो पडतो तो दिसतो. जो उभा राहतो, त्याच्या पाठीवर काही आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही."

सगळी खोली वळली. दारात माझी बायको उभी होती. गर्दीमुळे तिला पुढं येता आलं नव्हतं. एका खांद्यावर शाळेची पिशवी, तपासायच्या वह्यांनी फुगलेली. दुसऱ्या खांद्यावर माझी बॅग. काखेत माझ्या चार स्तरांच्या तक्त्याची गुंडाळी. एका हातात माझ्या घशासाठी गरम पाण्याचा थर्मास आणि माझी छत्री. दुसऱ्या हातात मंडळासाठी बिस्किटांचा डबा, आणि बोटात अडकवलेलं माझ्या चष्म्याचं घर. गोष्ट सुरू झाली तेव्हापासून ती तशीच उभी होती.

तिनं ते वाक्य पुस्तकाबद्दलच म्हटलं होतं, याची मला खात्री आहे. गणिताची माणसं आडून बोलत नाहीत. पण एवढ्या लोकांनी तिच्याकडे बघितलं, मग सावकाश वळून व्यासपीठावर दोन्ही हात मोकळे असलेल्या माझ्याकडे बघितलं. अशा वेळी माणसानं काय करावं?

मी खाली उतरलो. लोकांनी वाट करून दिली. मी तिच्या खांद्यावरून आधी माझी बॅग घेतली, मग वह्यांची पिशवी, मग थर्मास, छत्री, डबा. गुंडाळी काखेत मारली. चष्म्याचं घर तोंडात धरलं, कारण दुसरी जागाच उरली नव्हती. आणि तसाच डुलत व्यासपीठाकडे परत निघालो.

शेवटच्या रांगेतून एक लहान पोर किंचाळलं, "आलं! आलं!"

त्यानंतर जो हशा आणि टाळ्या झाल्या, त्यांनी म्हणे खालच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या वाजल्या. मला सात-आठ गाजरं मिळाली. एक तर थेट तोंडापुढं धरलं गेलं, पण तोंडात चष्म्याचं घर होतं. माझ्या प्रतिष्ठेविषयी म्हणाल, तर तिचं जे काही व्हायचं ते झालं. बायको मात्र भिंतीला टेकून मोकळे हात पोटावर धरून हसत होती. तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी मी आणखी एखादी पिशवी सहज उचलली असती.

कार्यकारिणीपुढं वेगळा अहवाल द्यायची वेळच आली नाही. कप्तानानं स्वतःच जाऊन सांगितलं की त्याला वरची खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी पुरेल. वाचक मंडळाला शनिवार राहू द्यावा, आणि शनिवारी आपण प्रेक्षक म्हणून येऊ.

बुधवारी मी पुस्तक बदलायला गेलो, तर तो काउंटरपाशी माझ्यापुढं उभा. काखेत बॅट, हातात नवंकोरं सभासदाचं कार्ड. आपल्याला आवाजाची मर्यादा आहे, अशा बेतानं तो अगदी हळू बोलत होता.

"बाई, एखादं चांगलं पुस्तक द्या. असं, की ज्यात शेवटी सगळ्यांचं काय झालं ते कळतं."

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या फळीकडे हात नेला.